चार कॅमेरे, पाच महिने : आईबाबांच्या घराला सीसीटीव्ही बसवताना

रविवार, १५ जून २०२५ रोजी सकाळी साडेसहाला बाबांचा फोन आला. “अगं, परसातल्या तोट्या गेल्या. रात्रभर पाणी वाहिलंय,” एवढेच ते म्हणाले. मी वारज्याहून सहकारनगरला, पुण्यातल्या आईबाबांच्या घरी पोचले तेव्हा आई चिखल झालेल्या परसात उरलेले पाणी बादल्यांत धरत होती आणि बाबा जिन्यापाशी नुसते उभे होते. दोन पितळी तोट्या, टाकीचा पितळी बॉल कॉक आणि बागेच्या नळीचे पितळी तोंड असा सगळा मिळून साडेतीन हजारांच्या आतला ऐवज होता. नुकसान फार मोठे नव्हते. मात्र कोणी तरी फाटकावरून आत येऊन, त्यांच्या झोपण्याच्या खोलीच्या खिडकीखाली निवांतपणे पाना चालवून गेले होते. बाबा ७९ वर्षांचे आहेत आणि आई ७४ वर्षांची. त्या रात्रीनंतर बाबा तासातासाला उठून खिडकीचा पडदा सरकवून बाहेर पाहू लागले. कॅमेरे बसवायचे ठरले ते तोट्यांसाठी नव्हे, बाबांच्या झोपेसाठी.

त्याच दिवशी दुपारी आम्ही चौकीत लेखी तक्रार अर्ज दिला आणि त्याच्या प्रतीवर शिक्का व तारीख घेतली. हवालदारांनी पहिला प्रश्न विचारला तो चित्रणाचा. आमच्याकडे काहीच नव्हते, परंतु समोरच्या बंगल्यातील काकांकडे सहा वर्षांपूर्वीचे कॅमेरे होते. त्यांच्या पडद्यावर पोते घेतलेला एक माणूस ५ वाजून ५२ मिनिटांनी आमच्या फाटकातून बाहेर पडताना दिसला. त्या वेळेला तर दूधवाला गल्लीत असतो आणि उजाडायला लागलेले असते. चित्रात मात्र काळोख होता. पडद्यावरचे घड्याळ मोबाइलशी ताडून पाहिले तेव्हा ते बरोबर अडीच तास पुढे असल्याचे आढळले. यंत्रातील कालविभाग चीनचाच, म्हणजे ग्रीनिच वेळेच्या आठ तास पुढचा राहिला होता आणि आपला साडेपाच तास पुढचा आहे. चोर खरे तर ३ वाजून २२ मिनिटांनी गेला होता. त्याचा चेहरा मात्र दिसत नव्हता, कारण कॅमेरा गच्चीच्या कठड्यावर, जवळपास चौदा फुटांवर होता आणि त्याला सगळी गल्ली एकदम दिसत होती. सगळे दिसत होते, पण ओळखू कोणीच येत नव्हते. पुढे खरेदी करताना मला या एका चित्राचा जितका उपयोग झाला, तितका कोणत्याही माहितीपत्रकाचा झाला नाही.

घाईत पहिली चूक झाली ती मी १७ जूनला २,३०० रुपयांचा वायफाय कॅमेरा मागवला ही. दिवाणखान्यात तो उत्तम चालला. फाटकाच्या खांबावर नेल्यावर मात्र चित्र दर दोन मिनिटांनी थांबू लागले. १९७८ सालचे घर, दीड फुटी दगडी भिंती आणि राउटरपासून अठरा मीटर अंतर. अशा ठिकाणी २.४ गिगाहर्ट्झचे संकेतही नीट पोचत नाहीत. शिवाय त्याचे चित्रण कॅमेऱ्यातल्याच मेमरी कार्डावर साठते, म्हणजे कॅमेरा उचलून नेला की पुरावाही त्याच्याबरोबर जातो. हे कॅमेरे वाईट असतात असे मी म्हणणार नाही. सदनिकेच्या दारासमोर किंवा एखाद्या खोलीत ते पुरेसे असतात. आवार असलेल्या घराला त्यांच्यावर विसंबून राहता येत नाही.

मग तापकीर गल्लीत, पुण्याच्या इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या बाजारात जायचे ठरवले. २० आणि २१ जूनला दोन्ही पालख्या शहरात मुक्कामी असल्यामुळे पेठांतले रस्ते बंद होते, म्हणून मंगळवारी, २४ तारखेला अर्ध्या दिवसाची रजा काढून गेले. जाण्यापूर्वी आदल्या संध्याकाळी बाबांना आणि मला सुचलेली एक गोष्ट फार उपयोगी पडली. आम्ही वहीच्या पानावर घराचा आराखडा काढला आणि प्रत्येक जागेपुढे “इथे आपल्याला नेमके काय कळायला हवे?” याचे उत्तर लिहिले. फाटकापाशी ‘कोण आले’ हे कळायला हवे, म्हणजे चेहरा दिसायला हवा. परसात ‘कोणी आहे का आणि काय करतो आहे’ एवढे पुरे. मागच्या बोळात ‘कोणी भिंतीवरून उतरले का’, आणि मुख्य दारापाशी पुन्हा चेहरा. बाबांनी टेप घेऊन अंतरेही मोजली. हे पान दुकानाच्या काउंटरवर ठेवल्यावर बोलण्याची दिशाच बदलली. त्याआधीच्या दुकानात “चार का आठ?” एवढाच प्रश्न विचारला गेला होता.

तिथल्या एका वयस्कर दुकानदारांनी जे समजावले ते इथे सविस्तर लिहिते, कारण बहुतेकांची फसगत याच ठिकाणी होते. कॅमेरा किती मेगापिक्सेलचा आहे यापेक्षा ते पिक्सेल किती रुंद जागेवर पसरतात याला महत्त्व आहे. अनोळखी माणसाचा चेहरा खात्रीने ओळखू यावा यासाठी एका मीटर रुंदीला सुमारे २५० पिक्सेल लागतात. ओळखीच्या माणसाला ओळखायला त्याच्या निम्मे, म्हणजे १२५ चालतात. आणि कोणी तरी आहे एवढेच कळायला २५ पुरतात. चार मेगापिक्सेलच्या चित्राची रुंदी २,५६० पिक्सेल असते. त्याला २५० ने भागले की सव्वादहा मीटर येतात, म्हणजे त्या चित्रात याहून रुंद दृश्य घेतले की चेहऱ्याची खात्री गेली. २.८ मिलिमीटरचे भिंग साधारण शंभर अंशांचा परिसर दाखवते, त्यामुळे चेहरा फक्त चारेक मीटरपर्यंत नीट मिळतो. ४ मिलिमीटरचे भिंग दृश्य अरुंद करते, पण तोच चेहरा सहा मीटरपर्यंत टिकतो. काकांचा कॅमेरा दोन मेगापिक्सेलचा, रुंद भिंगाचा आणि आमच्या फाटकापासून बारा मीटरवर होता. त्यात चेहरा दिसणे शक्यच नव्हते; यंत्र बिघडलेले नव्हते, त्याला प्रश्नच चुकीचा विचारला गेला होता. आम्ही फाटकाला आणि मुख्य दाराला ४ मिलिमीटरची, तर परसाला आणि बोळाला २.८ मिलिमीटरची भिंगे ठरवली. फाटकाचा कॅमेरा आठ फुटांहून उंच लावायचा नाही, हेही तेव्हाच लिहून ठेवले, कारण त्याहून वर गेला की टोप्या आणि केस तेवढे दिसतात. आमचे फाटक पश्चिमेला आहे, त्यामुळे संध्याकाळी ऊन थेट भिंगात येते. अशा जागी डब्ल्यूडीआरची (प्रखर उजेड आणि सावली दोन्ही एकाच चित्रात सांभाळणारी) सोय असलेला कॅमेरा घ्यावा, नाहीतर माणसाची केवळ काळी आकृती दिसते.

२५ जून ते २ जुलै या काळात तिघांनी घर पाहून दरपत्रके दिली. पहिले २४,५०० रुपयांचे होते: डीव्हीआरची (चित्रण साठवणाऱ्या जुन्या धाटणीच्या यंत्राची) पद्धत, दोन मेगापिक्सेलचे कॅमेरे, चित्रासाठी कोअॅक्स केबल आणि १२ व्होल्टचा वेगळा पुरवठा. दुसरे ३१,००० रुपयांचे होते, पण त्यात एकाही वस्तूचा मॉडेल क्रमांक नव्हता, ‘ब्रँडेड कॅमेरा’ आणि ‘चांगली केबल’ असे शब्द होते. तिसरे सर्वांत महाग होते, मात्र त्यात एकेक वस्तू वेगळी लिहिली होती. चार आयपी (नेटवर्कच्या केबलवर चालणारे) कॅमेरे प्रत्येकी २,९०० प्रमाणे ११,६००, एनव्हीआर (या कॅमेऱ्यांचे चित्रण साठवणारे यंत्र) ७,५००, सतत चित्रणासाठी बनवलेली दोन टेराबाइटची हार्ड डिस्क ५,८००, १२० मीटर तांब्याची कॅट-६ केबल मीटरला २८ रुपयांप्रमाणे ३,३६०, पेट्या, केसिंग पट्ट्या आणि कनेक्टर १,४००, मजुरी ३,६००. एकूण ३३,२६० आणि त्यावर १८ टक्के जीएसटी धरून ३९,२४७ रुपये. या पद्धतीत एकाच केबलमधून वीज आणि चित्र दोन्ही जातात. तिला पीओई म्हणतात. प्रत्येक कॅमेऱ्याजवळ विजेचा खटका लागत नाही आणि केबल शंभर मीटरपर्यंत चालते. आमचे सर्वांत लांब अंतर ३४ मीटर होते. बाबांना आकडा मोठा वाटला. त्यांनी एक रात्र विचार केला आणि सकाळी म्हणाले, “ज्याने लिहून दिलंय, त्याच्याशी भांडता येतं.” म्हणून तिसरे दरपत्रक ठरले.

या काळात घरातही एक वेगळी चर्चा चालू होती. कॅनडातील धाकट्या भावाचा आग्रह होता की एक कॅमेरा दिवाणखान्यात आणि एक स्वयंपाकघराच्या दारात असावा, म्हणजे आई पडली वगैरे तर त्याला दिसेल. त्याची काळजी खरी होती. आईने शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाली, “अरे, आम्ही घरातसुद्धा कुणी बघतंय म्हणून सावरून बसायचं का?” त्यानंतर मी त्याला वेगळा फोन केला आणि घराच्या आत एकही कॅमेरा लागणार नाही असे ठरले, पडल्यास मदत मागण्यासाठी आईच्या गळ्यात अडकवायचे बटण घेतले, तो स्वतंत्र विषय आहे. ज्यांच्या घरात वडीलधारी मंडळी आहेत त्यांनी हा प्रश्न त्यांच्या समोर, त्यांना विचारूनच सोडवावा असे मला मनापासून वाटते. ते घर त्यांचे आहे.

आमचे बंगले सहकारी गृहरचना संस्थेत आहेत आणि फाटकाच्या कॅमेऱ्यात सामाईक रस्त्याचा थोडा भाग येणार होता, म्हणून २३ जूनला संस्थेच्या सचिवांकडे एक पानी अर्ज दिला. सोबत तोच वहीतला आराखडा आणि तक्रार अर्जाची प्रत जोडली. २९ जूनच्या रविवारच्या बैठकीत परवानगी मिळाली. अट एवढीच होती की कोणाच्याही दारा-खिडकीवर कॅमेरा रोखला जाऊ नये आणि चित्रण मागितल्यास समितीला दाखवावे. ठरावाची प्रत मी मागून घेतली. ती पुढे कामाला आली.

५ जुलैला, आषाढीच्या आदल्या दिवशी, २०,००० रुपये आगाऊ दिले. त्याआधी एक गोष्ट तपासली: केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स व माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाने सीसीटीव्ही कॅमेऱ्यांसाठी सुरक्षेच्या आवश्यक अटी आणि त्यांची चाचणी बंधनकारक केली असून ती एप्रिल २०२५ पासून लागू झाली आहे. त्यामुळे दुकानात जुना साठा स्वस्तात दाखवला जात असेल तर मॉडेलचे प्रमाणपत्र मागावे आणि बिलावर मॉडेल क्रमांक, अनुक्रमांक व हमीची मुदत लिहून घ्यावी. २०१६ साली मिराई नावाच्या प्रोग्रॅमने जगभरातले असंख्य कॅमेरे आणि डीव्हीआर ताब्यात घेतले होते, ते कारखान्यातून आलेला पासवर्ड कोणी बदललाच नव्हता म्हणून. घराच्या राखणीसाठी लावलेली वस्तू परक्याच्या हाती जाऊ शकते, ही भीती काल्पनिक नाही.

१२ आणि १३ जुलैला, शनिवारी आणि रविवारी, दोन मुले येऊन काम करून गेली. मुले कष्टाळू होती, चहासुद्धा शिडीवरच प्यायली. मी दोन्ही दिवस तिथे थांबले आणि थांबले म्हणूनच एक गोष्ट लक्षात आली. एनव्हीआर मोबाइलशी जोडताना त्यातल्या एकाने स्वतःच्या फोनवरून कोड स्कॅन केला आणि मग माझ्या फोनला ‘शेअर’ दिला. म्हणजे उपकरणाचा मूळ मालक तो आणि मी पाहुणी. बहुतेक जण सोयीसाठी असे करतात, त्यात वाईट हेतू असतोच असे नाही. परंतु उद्या त्याने काम सोडले, फोन बदलला, तरी आमच्या परसाचे चित्र त्याच्या खात्यात राहिले असते. मी विनंती करून ते जोडणे रद्द करायला लावले, माझ्या ईमेलवर नवे खाते उघडले, मुख्य पासवर्ड बदलला आणि तो बाबांच्या वहीत लिहून कपाटात ठेवला. कालविभाग साडेपाच तासांवर आणला आणि घड्याळ इंटरनेटवरून आपोआप जुळेल अशी मांडणी केली. हे सगळे पंधरा मिनिटांचे काम आहे, पण ते उरलेली रक्कम देण्यापूर्वी करून घ्यावे.

पहिल्या रात्री बाबा टीव्हीसमोर बसून चारही चौकटी पाहत होते. दुसऱ्या रात्री त्यांचा फोन आला की परसाच्या चौकटीत धुके आहे. बाहेर धुके नव्हते. रात्री कॅमेरा डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश सोडतो. तो छज्ज्याच्या पांढऱ्या चुन्यावर आपटून भिंगात परत येत होता, त्यामुळे कॅमेरा स्वतःच दिपून बाकीचे दृश्य काळे करत होता. कॅमेरा छज्ज्याच्या कडेपर्यंत एक वीतभर पुढे आणला आणि थोडा खाली झुकवला, तसे चित्र स्वच्छ झाले. बोळातल्या कॅमेऱ्यात मात्र मधूनच पांढरे दोर हलताना दिसत. ते कोळ्याचे जाळे होते. त्या उबेला आणि उजेडाला किडे येतात आणि त्यांच्यामागे कोळी येतो. यावर कायमचा उपाय नाही, लांब दांड्याच्या मऊ झाडूने महिन्यातून दोनदा जाळे काढावे लागते.

१६ जुलैला मागच्या बंगल्यातील काकू आल्या. त्या रागावलेल्या नव्हत्या, पण संकोचून म्हणाल्या, “बोळातला तुमचा कॅमेरा आमच्या मोरीकडे बघतो असं वाटतं गं.” मी त्यांना आत नेऊन पडद्यासमोर बसवले. खरोखरच चौकटीच्या वरच्या कोपऱ्यात त्यांच्या मोरीची खिडकी येत होती. कॅमेरा वळवला आणि तरीही उरलेल्या पट्टीवर यंत्रातील झाकणीची सोय वापरून काळा चौकोन टाकला. असा चौकोन टाकला की तेवढा भाग साठवलेल्या चित्रणातही कधीच उमटत नाही. काकूंनी तो स्वतः पाहिला, मी त्यांना ठरावाची प्रतही दाखवली. कॅमेरे लावल्यावर शेजाऱ्यांनी येण्याची वाट न पाहता आपणच त्यांना बोलवायला हवे होते, हे मला त्या दिवशी तीव्रतेने जाणवले.

१७ जुलैला, गुरुवारी, देखभालीसाठी चार तास वीज बंद होती. एनव्हीआर इन्व्हर्टरच्या खटक्यावर होता, त्यामुळे कॅमेरे चालू राहिले. राउटर मात्र साध्या खटक्यावर असल्याने मोबाइलवर काहीच दिसेना आणि कॅनडाहून भावाचा घाबरा फोन आला. चित्रण बंद पडणे आणि मोबाइलवर न दिसणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिले घरात घडते, दुसऱ्यासाठी इंटरनेट लागते. वायरमनकडून ३५० रुपयांत राउटरही इन्व्हर्टरच्या लाइनवर घेतला. चार कॅमेरे, एनव्हीआर आणि राउटर यांचा मिळून भार पन्नास वॉटच्या आसपास आहे, इन्व्हर्टरला तो जाणवतही नाही.

खरी परीक्षा १९ जुलैच्या पावसानंतर सुरू झाली. फाटकाचा कॅमेरा दिवसभर नीट चाले आणि अंधार पडला की बंद होई. दोन मिनिटांनी परत येई, पुन्हा जाई. ज्या ठिकाणासाठी एवढा खटाटोप केला, नेमके तेच रात्री आंधळे होत होते आणि बाबांचे पडदा सरकवणे पुन्हा सुरू झाले. बसवणाऱ्यांना फोन केला, तर कॅमेराच खराब आहे, कंपनीकडे पाठवू, तीन आठवडे लागतील असे उत्तर मिळाले. मला ते पटेना, कारण खराब वस्तू संध्याकाळचे सात वाजलेले कसे ओळखेल? रात्री वेगळे काय होते, याचा विचार केला. रात्री अवरक्त दिवे लागतात आणि कॅमेऱ्याला अधिक वीज लागते. म्हणजे संशय विजेच्या वाटेवर जायला हवा होता.

एका वेळी एकच गोष्ट बदलायची असे ठरवून मी तीन दिवस तपासणी केली. २२ तारखेला एनव्हीआरवरील फाटकाची आणि परसाची पिन आपसांत बदलली. बिघाड फाटकाबरोबरच राहिला, म्हणजे एनव्हीआरचा तो पोर्ट चांगला होता. २३ तारखेला फाटकाचा कॅमेरा उतरवून दोन मीटरच्या तयार केबलने घरातच जोडला आणि खोलीत अंधार केला. तो रात्रभर एकदाही बंद पडला नाही, म्हणजे कॅमेराही चांगला होता. उरली ती केबल. २४ तारखेला सकाळी बाबा खाली शिडी धरून उभे राहिले आणि मी केसिंग पट्टी उघडत गेले. पत्र्याच्या शेडखाली, जिथे पागोळ्यांचे पाणी सरळ पडते, तिथे पट्टीच्या आत केबलला जोड होता. तारा पिळून वर काळी चिकटपट्टी गुंडाळली होती, आत पाणी साचले होते आणि तारा हिरव्या-पांढऱ्या पडल्या होत्या. एका तारेवर ब्लेडने खरवडले तर तांब्याचा रंग निघून आत रुपेरी धातू दिसला. बहुधा शेवटी केबल कमी पडली असावी आणि ३४ मीटरच्या त्या ओळीत पंधराएक मीटरचा तुकडा तांब्याचा मुलामा दिलेल्या अॅल्युमिनियमचा जोडला होता. दिवसाच्या कमी भाराला तो जोड कसाबसा पुरत होता, रात्रीच्या भाराला पुरत नव्हता.

मी भांडले नाही. जोडाचे आणि खरवडलेल्या तारेचे फोटो, सोबत दरपत्रकातील ‘तांब्याची कॅट-६’ ही ओळ, असा निरोप पाठवला आणि राहिलेल्या ५,००० रुपयांचा उल्लेख केला. ती रक्कम मी महिनाभराच्या चाचणीसाठी आधीच बोलून राखून ठेवली होती. तरीही सात फोन आणि नऊ दिवस गेले. २ ऑगस्टला शनिवारी ते येऊन पूर्ण ओळ बदलून गेले, मधे एकही जोड न ठेवता, आणि कॅमेऱ्याच्या मागची पिन उघड्यावर न ठेवता झाकणाच्या पेटीत बंद करून, केबलला पेटीखाली एक खोलगट वळण देऊन, म्हणजे ओघळ आत न शिरता तिथूनच खाली पडावा. पैसे चुकते केले. त्या रात्री पाऊस होता. कॅमेरा रात्रभर चालला आणि सकाळी आईने सांगितले की बाबा पाच वाजेपर्यंत उठले नाहीत.

दरम्यान ३० जुलैला सहज जुने चित्रण शोधले, तर सर्वांत जुना दिवस १९ जुलैचा निघाला. दोन टेराबाइटमध्ये तीन आठवडे मावतील असे सांगितले होते. हिशेब सोपा आहे: एका कॅमेऱ्याचा वेग सेकंदाला एक मेगाबिट असेल तर दिवसाला १०.८ गिगाबाइट लागतात. आमच्या यंत्रात चित्र दाबून लहान करण्याची जुनी एच.२६४ पद्धत आणि चार मेगाबिटचा वेग ठेवलेला होता, म्हणून चार कॅमेरे मिळून दिवसाला सुमारे १७३ गिगाबाइट जात होते आणि साडेअकरा दिवसांत डिस्क भरत होती. एच.२६५ निवडून वेग दोन मेगाबिट केला; चित्रात मला तरी फरक दिसला नाही आणि साठवण २३ दिवसांची झाली.

२७ ऑगस्टला गणपती आले आणि मोबाइलवर सूचनांचा पूर आला. फाटकावरच्या दिव्यांच्या माळा लुकलुकल्या की कॅमेऱ्याला हालचाल वाटे, शिवाय आंब्याच्या फांद्या आणि मांजरे होतीच. फक्त माणूस ओळखण्याची सोय चालू केली, रात्री अकरा ते पहाटे पाच एवढीच वेळ ठेवली आणि परसाच्या चित्रात भिंतीलगत एक रेघ आखली, ती ओलांडली तरच सूचना येते. दिवसाला शंभरावर येणाऱ्या सूचना आठवड्याला दोन-तीनवर आल्या. सारख्या वाजणाऱ्या फोनकडे कोणीच पाहत नाही, म्हणून हे काम टाळू नये.

१८ सप्टेंबरच्या रात्री काकांच्या नातवाची सायकल गेली. या वेळी चौकीतून विचारणा झाली तेव्हा मी २ वाजून १० ते २ वाजून ३० मिनिटांपर्यंतचा भाग पेनड्राइव्हवर काढून दिला आणि त्याच पडद्यावर मोबाइलचे घड्याळ धरून वेळ जुळते हे दाखवले. एनव्हीआरमधून काढलेली फाइल जशीच्या तशी ठेवावी, व्हॉट्सअॅपवर पाठवून पुन्हा उतरवलेली देऊ नये, कारण तिच्यात बदल होतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार अशा चित्रणासोबत प्रमाणपत्र लागते. त्यात उपकरण कोणाच्या ताब्यात होते याची माहिती आणि फाइलचे हॅश मूल्य (फाइल बदलली तर बदलणारा अंक-अक्षरांचा ठसा) नोंदवावे लागते, आणि एक भाग तज्ज्ञाने भरायचा असतो. मूळ चित्रण पुसले जाऊ नये म्हणून तेवढा भाग मी यंत्रात कुलूपबंदही केला. चेहरा स्पष्ट होता. सायकल अजून सापडलेली नाही.

आज नोव्हेंबरचा पहिला आठवडा आहे. वायफाय कॅमेरा, वायरमन आणि पेनड्राइव्ह धरून एकूण खर्च ४२,३०० रुपयांच्या घरात गेला. दर महिन्याच्या १ तारखेला बाबा तीन गोष्टी पाहतात आणि वहीत टिपतात: घड्याळ बरोबर आहे का, तेवीस दिवसांपूर्वीचे चित्रण उघडते का आणि रात्रीच्या चारही चौकटी स्वच्छ आहेत का. काल सकाळी त्यांचा फोन आला. “तीन नंबरवर जाळं झालं होतं,” ते म्हणाले, “आईने शिडी धरली, मी काढलं.” शिडीवर चढू नका असे मी पुन्हा एकदा सांगितले आहे आणि शनिवारी जाऊन लांब दांड्याचा नवा झाडू देऊन येणार आहे.